‘खरं काय ते सांगा, डॉक्टर’

नॅन्सी मोल्टर या अमेरिकी परिचारिकेने १९७९ साली एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. गंभीर आजारी रुग्णांच्या ४० नातेवाइकांपुढे तिने ४५ गरजांची यादी ठेवली आणि यातली कोणती गोष्ट तुम्हाला किती महत्त्वाची वाटते, असे विचारले. सर्वांत वर आली ‘आशा आहे असे वाटणे’ ही गरज. तिच्या पाठोपाठ जे आले ते असे: इथल्या लोकांना आमच्या माणसाची काळजी आहे हे जाणवावे; बसायची जागा जवळ असावी; प्रकृतीत बदल झाला तर घरी फोन यावा; पुढे काय होऊ शकते ते कळावे; प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळावे; दिवसातून एकदा तरी माहिती मिळावी आणि ती समजेल अशा शब्दांत मिळावी.

या अभ्यासाला साडेचार दशके उलटली. मुंबईच्या केईएमच्या, पुण्याच्या ससूनच्या किंवा नागपूरच्या मेडिकलच्या आयसीयूबाहेर सतरंजी टाकून बसलेल्या माणसांना ही यादी आज वाचून दाखवली, तर त्यातले काहीही त्यांना परके वाटणार नाही. यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट यंत्राने नाही, माणसाने द्यायची आहे. डॉक्टर, सिस्टर, समाजसेवा विभागातले कर्मचारी, दारावरचे मामा यांच्या बोलण्यातून ती मिळते किंवा मिळत नाही.

अशा बोलण्याला आपण फार काळ स्वभावाच्या खात्यात टाकले. अमुक डॉक्टर गोड बोलतात, तमुक तिरसट आहेत, एवढ्यावर विषय संपायचा. गेल्या २५ वर्षांत मात्र संशोधकांनी नातेवाइकांशी होणारे बोलणे एखादे औषध तपासावे तसे तपासले: दोन गट केले, एका गटाशी ठरलेल्या पद्धतीने बोलले, दुसऱ्याशी नेहमीसारखे, आणि काही महिन्यांनी दोन्ही गटांतल्या माणसांचे काय झाले ते मोजले. त्यातून निघालेले निष्कर्ष प्रत्येक रुग्णालयाने आणि प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावेत असे आहेत. नीट बोलणे शिकवता येते, त्याची पद्धत ठरवता येते, त्याचा परिणाम महिनोन्‌महिने टिकतो. आणि चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाने केलेल्या बोलण्याने इजाही होते.

दार बंद झाल्यावर

साध्या वॉर्डात रुग्णाच्या सोबतीला घरचे कोणीतरी असते. सलाईन बदलताना, डॉक्टर राउंडला आल्यावर, ताप उतरताना ते माणूस तिथेच असते. आयसीयूत ही सोबत तुटते. दार बंद होते आणि भेटीची वेळ उरते. आत रुग्णाच्या घशातून श्वासनलिकेत नळी घातलेली असते. ती स्वरतंतूंमधून जाते, त्यामुळे शुद्ध असली तरी आवाज फुटत नाही. शिवाय नळी सहन व्हावी म्हणून गुंगीचे औषध चालू असते. ज्याच्याबद्दल सगळे निर्णय घ्यायचे तोच गप्प असतो, म्हणून डॉक्टरांना त्याच्या घरच्यांशी बोलावे लागते. संमतीपत्रावर सही घ्यायलाही तेच, रुग्णाला पूर्वी काय त्रास होता ते सांगायलाही तेच, आणि पुढे जाऊन उपचार किती ताणायचे हे ठरवतानाही तेच.

ही माणसे तेव्हा कोणत्या अवस्थेत असतात? रात्र जागून काढलेली, पोटात चहा आणि वडापाव, एका हातात औषधांची चिठ्ठी, दुसऱ्या हातात सतत वाजणारा फोन. अशा मेंदूत नवी माहिती टिकत नाही. सकाळी ऐकलेले दुपारी आठवत नाही, आणि ‘सांगितलं होतं ना’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा तेही खरेच बोलत असतात.

त्यात आतली माहिती एकाच तोंडून येत नाही. आयसीयूचे डॉक्टर, ज्यांच्या नावाने रुग्ण दाखल झाला ते मोठे डॉक्टर, किडनीचे, मेंदूचे, छातीचे तज्ज्ञ, निवासी डॉक्टर आणि तीन पाळ्यांतल्या सिस्टर. सकाळी एक जण सांगतो, लघवीचे प्रमाण वाढले, किडनी सुधारते आहे. संध्याकाळी दुसरा सांगतो, फुफ्फुसातला संसर्ग वाढला. दोन्ही खरे असते. बाहेर बसलेल्या माणसाला मात्र कोणीतरी एक जण खोटे बोलतो आहे असे वाटते, आणि विश्वास तिथेच तडकतो.

‘पेशंट स्टेबल आहे’ हे वाक्य रोज शेकडो वेळा बोलले जाते. डॉक्टरांच्या मनात त्याचा अर्थ एवढाच असतो की औषधांच्या आणि यंत्रांच्या आधारावर रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन सध्या हललेले नाहीत. ऐकणारा ‘सुधारतोय’ असे ऐकतो. गावी फोन जातात, मुलीला ‘येऊ नकोस, आता बरं आहे’ असे कळवले जाते. दोन दिवसांनी मृत्यू झाला की ती मुलगी आयुष्यभर हळहळते. त्याऐवजी ‘कालच्यापेक्षा बिघडलेलं नाही, पण धोका अजून टळलेला नाही, जवळच्या कोणाला यायचं असेल तर येऊ द्या’ असे म्हणायला पाच सेकंद जास्त लागतात.

पहिल्या भेटीचेही तसेच. शरीरात भरलेले पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून चेहरा सुजलेला असतो, नळी ओढली जाऊ नये म्हणून हात मऊ पट्टीने बांधलेले असतात, मॉनिटर मध्येच वाजत असतो. आधी कोणी काही सांगितले नाही, तर बायकोला वाटते की नवऱ्याला बांधून मारले. अनुभवी सिस्टर दारातच दोन मिनिटे थांबवतात: ‘काकू, आत गेल्यावर घाबरू नका. चेहरा सुजलाय, ती सूज उतरते. हात बांधलेत ते नळी निघू नये म्हणून. मशीन वाजलं तर दर वेळी काही वाईट झालेलं नसतं, आम्ही बघतोच आहोत. तुम्ही त्यांचा हात धरा, नावाने हाक मारा, बोला.’ या दोन मिनिटांत माहिती येते, दिलासा येतो आणि त्या बाईला करण्यासारखे काहीतरी काम मिळते. असे सांगणाऱ्या सिस्टर आपल्याकडे खूप आहेत. फक्त हे काम त्यांच्या ड्यूटीत कुठेही लिहिलेले नसते.

फ्रान्समधली मोजणी

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले डॉक्टर एली अझुले यांनी २००० साली एक अस्वस्थ करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टरांशी बोलून आलेल्या नातेवाइकांना त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: आजार काय आहे, उपचार काय चालू आहेत आणि पुढचा अंदाज काय आहे. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के रुग्णांच्या बाबतीत घरच्यांना यातली एखादी तरी गोष्ट समजलेली नव्हती. डॉक्टर बोलले होते. बोलणे पोचले नव्हते.

पुढे याच गटाने फ्रान्समधल्या ३४ आयसीयूंमध्ये एक छोटा उपाय करून पाहिला. दाखल होतानाच घरच्यांच्या हातात एक माहितीपत्रक द्यायचे: विभाग कसा चालतो, कोण कोण काम करते, कोणत्या यंत्राचे काय काम, भेट कधी. २००२ मध्ये आलेला निष्कर्ष स्पष्ट होता. पत्रक न मिळालेल्यांत सुमारे ४१ टक्क्यांना परिस्थिती नीट समजली नव्हती. पत्रक मिळालेल्यांत हे प्रमाण साडेअकरा टक्क्यांवर आले. बोलण्याची जागा कागद घेत नाही, पण ज्या माणसाने तो कागद तीनदा वाचला आहे तो डॉक्टरांपुढे आल्यावर नेमका प्रश्न विचारू शकतो.

२००५ चा अभ्यास आणखी खोल गेला. आयसीयूतून रुग्ण बाहेर पडल्यानंतर किंवा मरण पावल्यानंतर ९० दिवसांनी २८४ नातेवाइकांना फोन करून त्यांची मनःस्थिती विचारली गेली. ३३ टक्के लोकांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणे होती: तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप मोडणे, दचकणे, रुग्णालयाच्या वाटेनेही जाणे टाळणे. युद्धातून किंवा भूकंपातून आलेल्यांत आढळणारी ही लक्षणे कॉरिडॉरमध्ये बसून राहिलेल्या माणसांत सापडली. मिळालेली माहिती अपुरी होती असे ज्यांना वाटले, त्यांच्यात प्रमाण ४८ टक्क्यांवर होते. आणि उपचार थांबवण्याच्या निर्णयात ज्यांनी भाग घेतला, त्यांच्यात ते जवळजवळ ८२ टक्के होते.

हा शेवटचा आकडा आपल्याकडच्या प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावा. घरच्यांना निर्णयात सामील करून घेणे योग्यच आहे. पण ‘व्हेंटिलेटर लावायचा की नाही ते तुम्ही सांगा, इथे सही करा’ असे म्हणून कागद पुढे करणे म्हणजे सामील करून घेणे नव्हे. त्या मुलाच्या कानात ते असे जाते: बापाला मारायचे की जगवायचे, तू ठरव. हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारता येतो: ‘तुमचे वडील आत्ता उठून बसले आणि हे सगळं ऐकलं, तर काय म्हणाले असते? अशा आजारपणाबद्दल कधी काही बोलले होते का?’ मग मुलाला निकाल द्यायचा नसतो, बापाचे म्हणणे पोचवायचे असते. त्यानंतर ‘तुम्ही जे सांगितलंत त्यावरून आम्हाला असं योग्य वाटतं’ अशी शिफारस डॉक्टरांनी स्वतः करावी आणि तिचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घ्यावे.

एकाहत्तर आणि एकोणतीस

सिअ‍ॅटल शहरातल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. नातेवाइकांच्या परवानगीने त्यांनी आयसीयूतल्या ५१ कौटुंबिक बैठका ध्वनिमुद्रित केल्या आणि घड्याळ लावून ऐकल्या. बैठक सरासरी ३२ मिनिटांची. त्यातला ७१ टक्के वेळ डॉक्टर-परिचारिका बोलत होत्या, २९ टक्के वेळ घरचे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की बैठक किती लांबली यावर घरच्यांचे समाधान अवलंबून नव्हते. त्या वेळेतला जितका वाटा घरच्यांच्या बोलण्याचा, तितके समाधान जास्त.

या कामामागे असलेले डॉ. रँडल कर्टिस हे वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांच्या गटाने बैठकीसाठी पाच सूचना तयार केल्या. घरचे जे सांगतात त्याची किंमत करा. त्यांच्या भावना ओळखा आणि तसे बोलून दाखवा. ऐका. रुग्ण माणूस म्हणून कसा होता ते विचारून समजून घ्या. आणि त्यांच्या मनातले प्रश्न बाहेर काढा. पाचही सूचनांचा रोख माहिती सांगण्यावर नाही, ऐकण्यावर आहे.

या पाच सूचनांची कसोटी फ्रान्समध्ये लागली. २२ आयसीयूंमधले १२६ रुग्ण घेतले गेले, सगळे असे की जे वाचणार नाहीत हे डॉक्टरांना कळून चुकले होते. अर्ध्या कुटुंबांशी नेहमीसारखे बोलणे झाले. उरलेल्यांबरोबर या सूचनांनुसार बैठक झाली आणि शोकाविषयीची एक पुस्तिका दिली गेली. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. नेहमीची बैठक २० मिनिटांची होती आणि तीत घरचे ५ मिनिटे बोलले. नव्या पद्धतीची बैठक ३० मिनिटांची होती आणि घरचे १४ मिनिटे बोलले. ९० दिवसांनी पहिल्या गटातल्या ६९ टक्के लोकांत आघातोत्तर तणावाची लक्षणे होती, दुसऱ्या गटात ४५ टक्के लोकांत. नैराश्याची लक्षणे ५६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आली.

या अभ्यासात एकही रुग्ण बैठकीमुळे वाचला नाही. तसा तो हेतूच नव्हता. फरक पडला तो मागे राहिलेल्या माणसांच्या पुढच्या आयुष्यात, आणि त्यासाठी लागली जास्तीची १० मिनिटे. आपल्याकडे अशा १० मिनिटांत ‘ते शाळेत शिक्षक होते’, ‘रोज पहाटे तुळशीला पाणी घालायचे’, ‘मागच्या वर्षी आईच्या वेळी म्हणाले होते, मला असं ठेवू नका’ हे बोलले जाऊ शकते. असे काही ऐकून घेतले की पलंगावरचा माणूस ‘बेड नंबर सात’ राहत नाही, हे घरच्यांना कळते, आणि आत त्याला सांभाळणाऱ्यांना आपण कोणाला सांभाळतो आहोत ते कळते. कर्टिस यांना स्वतःला २०२१ मध्ये एएलएस या मज्जातंतूंच्या असाध्य आजाराचे निदान झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या संभाषणांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, ती शेवटी त्यांना रुग्ण म्हणून करावी लागली.

सदिच्छा पुरत नाहीत

आता थोड्या कमी सुखद निष्कर्षांकडे वळू, कारण त्यांच्याशिवाय चित्र पुरे होत नाही. २०१६ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांच्या घरच्यांना उपशामक उपचारांच्या तज्ज्ञांनी वेगळ्या बैठका घेऊन माहिती दिली. तीन महिन्यांनंतर त्यांची चिंता किंवा नैराश्य कमी झालेले नव्हते. उलट आघातोत्तर तणावाची लक्षणे या गटातच जास्त निघाली. २०१७ साली फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ नॅन्सी केंटिश-बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले की रुग्णाच्या मृत्यूनंतर डॉक्टर आणि सिस्टर यांनी हाताने लिहिलेले सांत्वनपत्र पाठवल्याने दुःख हलके होते का. झाले नाही. सहा महिन्यांनी पत्र मिळालेल्यांतच नैराश्य आणि तणाव जास्त आढळला.

हेतू दोन्हीकडे चांगलाच होता. मग चुकले काय? मला यातून एक गोष्ट दिसते. पहिल्या प्रयोगात बोलणारे तज्ज्ञ होते, पण कुटुंबाला रोज भेटणारे नव्हते. कठीण बातमी अनोळखी तोंडातून आली. दुसऱ्या प्रयोगात पत्र एकतर्फी होते. ते वाचून मनात उठलेला प्रश्न विचारायला समोर कोणी नव्हते. बोलण्याने आधार मिळतो तो मुख्यतः नात्यातून, आणि नाते तयार व्हायला तोच माणूस पुन्हा भेटावा लागतो.

याला दुजोरा देणारे काम नंतर आले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पाच आयसीयूंमध्ये तिथल्याच परिचारिकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे कुटुंबाची जबाबदारी सोपवली गेली: रोज भेट, ठरलेल्या अंतराने डॉक्टरांसोबत बैठक, बैठकीआधी घरच्यांची तयारी. सहा महिन्यांनंतरच्या मानसिक त्रासात फरक पडला नाही, पण संवादाचा दर्जा वाढला आणि आयसीयूतला सरासरी मुक्काम ७.४ दिवसांवरून ६.७ दिवसांवर आला. २०२२ मध्ये केंटिश-बार्न्स यांच्या गटाने ३४ आयसीयूंमधल्या ८७५ नातेवाइकांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. या वेळी पत्र नव्हते. उपचार करणारे डॉक्टर सिस्टरला सोबत घेऊन तीनदा भेटत होते: मृत्यूच्या आधी तयारीसाठी, मृत्यू जवळ आला असताना रुग्णाच्या खोलीत, आणि मृत्यूनंतर. सहा महिन्यांनी न ओसरणारे, जगणे ठप्प करणारे दुःख २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के लोकांत राहिले. त्याच गटाने आधी अपयश पाहिले, ते लपवले नाही आणि उपाय बदलला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

आपल्याकडे बोलायचे कोणाशी?

फ्रान्समधल्या अभ्यासांत साधारणपणे प्रत्येक रुग्णामागे एखाद-दुसरा नातेवाईक असतो. आपल्याकडे कुटुंब येते. धाकटा मुलगा धावपळ करतो, रक्त आणतो, बिल भरतो. त्याला सगळी माहिती असते, पण निर्णयाचा अधिकार नसतो. तिसऱ्या दिवशी गावाहून मोठे काका येतात. त्यांनी आधीचे काही ऐकलेले नसते आणि सगळे त्यांच्याच तोंडाकडे पाहत असतात. जावई, शेजारी, ओळखीचे डॉक्टर, कधी नगरसेवकाचा माणूस, सगळे वेगवेगळ्या वेळी तोच प्रश्न घेऊन येतात. आणि रुग्णाची बायको बाकड्यावर बसून असते. ‘तिला सांगू नका, तिला सोसणार नाही’ असे ठरवून टाकलेले असते. नवऱ्याला काय हवे होते हे बहुतेक वेळा तिलाच सर्वांत जास्त माहीत असते.

कुटुंबाच्या या रचनेशी भांडून उपयोग नाही, ती ओळखून पद्धत आखावी लागते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारावे: रोजची माहिती कोणाला द्यायची? मोठा निर्णय घ्यायची वेळ आली तर कोण कोण हवे? दोन नावे आणि दोन फोन नंबर केसपेपरवर लिहावेत. बैठकीची वेळ अशी ठेवावी की गावाहून येणारे काकाही असतील, आणि ‘वहिनींनाही बोलवा’ हे डॉक्टरांनी स्वतः म्हणावे. निवासी डॉक्टर दुसऱ्या राज्यातले असतील आणि घरचे खानदेशातून किंवा मेळघाटातून आलेले असतील, तर मराठी किंवा त्यांची बोली नीट बोलणाऱ्या सिस्टर त्या वेळी जवळ असाव्यात. आणि शेवटी ‘समजलं ना?’ असे विचारू नये, कारण त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘आता घरी फोन करून तुम्ही काय सांगाल?’ असे विचारले की काय पोचले आणि काय राहिले ते लगेच कळते.

फ्रेंच अभ्यासांत जवळजवळ न दिसणारी आणि आपल्याकडे प्रत्येक संभाषणात असणारी एक गोष्ट म्हणजे पैसा. डॉक्टर आजाराबद्दल बोलत असतात आणि मुलाच्या डोक्यात उद्याचे डिपॉझिट असते. हा विषय काउंटरवरच्या कारकुनाकडे ढकलला की संशय वाढतो. पुढचे चार दिवस साधारण किती खर्च येईल, त्यातून काय साधण्याची शक्यता आहे, तीन-चार दिवसांनी पुन्हा बसून काय पाहायचे, हे एकाच बैठकीत बोलले गेले पाहिजे. मुदत ठरवून केलेला उपचार, म्हणजे ‘इतके दिवस पूर्ण प्रयत्न करू आणि मग या तीन गोष्टी सुधारल्या का ते बघू’, अशी मांडणी केली तर आशा आणि सत्य दोन्ही एकत्र राहू शकतात.

या कामासाठी महाराष्ट्रात माणसे नेमलेली आहेत. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. भारतातल्या रुग्णालयातली वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातच झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही माहिती बिल हाताबाहेर गेल्यावर कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळावी. त्यासाठी समाजसेवा अधीक्षकांना फक्त कागदपत्रांच्या टेबलापुरते न ठेवता कौटुंबिक बैठकीत खुर्ची द्यावी लागेल.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांचा विषयही इथे टाळता येत नाही. मारहाणीचे समर्थन कशानेच होत नाही, आणि महाराष्ट्राने २०१० साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदाही केला. पण कायदा घडल्यानंतर येतो. छत्तीस तास ड्यूटी करून आलेला, पंचविशीतला निवासी डॉक्टर रात्री दोन वाजता एकट्याने, उभ्या उभ्या, वीस जणांना मृत्यूची बातमी सांगतो, ही व्यवस्था दोन्ही बाजूंवर अन्याय करते. वाईट बातमी वरिष्ठांनी, बसून, बंद खोलीत, सोबत सिस्टर घेऊन सांगावी, आणि ती अचानक येऊ नये म्हणून आधीच्या दिवसांत वाट तयार करावी. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे धडे देशभर आले आहेत. वर्गात शिकलेले वॉर्डात टिकायचे असेल, तर वरिष्ठ कसे बोलतात हे विद्यार्थ्यांना रोज दिसले पाहिजे.

दोन बोलणी, दोन वेळा

संवादाची सर्वांत अवघड परीक्षा मेंदूमृत्यूच्या वेळी होते. अपघातात डोक्याला मार लागून मेंदू कायमचा थांबलेला असतो, पण व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत असते, हृदय चालू असते, अंग गरम असते. आई हात लावून पाहते आणि म्हणते, ‘माझा मुलगा तर झोपलाय.’ १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ ठरलेल्या चाचण्या करते आणि किमान सहा तासांच्या अंतराने त्या पुन्हा करते. ते सहा तास कुटुंबाला समजावण्याचेही असतात. काही डॉक्टर व्हेंटिलेटर बाजूला करून श्वास येतो का हे पाहण्याची चाचणी नातेवाइकांच्या समोर करतात, कारण डोळ्यांनी पाहिलेले पटते.

इथला नियम जगभर एकच मानला जातो: मृत्यू झाला आहे हे बोलणे आणि अवयवदानाविषयीचे बोलणे एकाच दमात करायचे नाही. पहिले बोलणे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करायचे. ते कुटुंबाच्या मनात उतरल्यानंतरच प्रशिक्षित समन्वयकाने दुसरे सुरू करायचे. २०११ च्या दुरुस्तीने प्रत्यारोपण केंद्रांत असा समन्वयक असणे बंधनकारक झाले. घाई केली तर ‘अवयवांसाठी मेला म्हणताहेत’ हा संशय येतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. नीट बोलले गेले तर नकार देणारे कुटुंबही समाधानाने जाते. समन्वयकाचे काम होकार मिळवण्याचे नाही, कुटुंबाला नंतर पश्चात्ताप होणार नाही असा निर्णय घ्यायला मदत करण्याचे आहे.

हक्क आणि नोंद

उपचार कुठवर न्यायचे हा प्रश्न भारतीय कायद्यापुढे ठळकपणे आला तो मुंबईमुळे. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा याचा विचार केला आणि वर्षानुवर्षे त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य झाला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी झाली. आता आपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे साक्षांकित करता येते. असे इच्छापत्र नसले तरी रुग्णालयातली दोन वैद्यकीय मंडळे आणि जवळच्या नातेवाइकांची संमती यांतून निष्फळ उपचार थांबवता येतात. तरीही बऱ्याच कुटुंबांना आजही एकच वाट माहीत असते: पैसे आणि धीर संपला की ‘डामा’वर सही करून, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध म्हणून, माणसाला घरी न्यायचे. घरी वेदना थांबवणारे औषधही नसते, आणि ती सही मनातून जात नाही. कायदेशीर वाट असते हे सांगणे, आणि उपचार थांबले तरी वेदनाशमन आणि सेवा थांबणार नाही असा शब्द देणे, हे डॉक्टरांचे काम आहे.

घरच्यांनाही काही गोष्टी करता येतात. माहिती घेणारा माणूस एकच ठेवावा आणि त्याने इतरांना सांगावे. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. ‘वाचतील का?’ या प्रश्नाला कोणी उत्तर देऊ शकत नाही. ‘सगळं चांगलं झालं तर काय होईल, आणि वाईट झालं तर काय?’ या प्रश्नाला प्रामाणिक डॉक्टर उत्तर देतात. आपला माणूस कसा आहे, कशाला घाबरतो, कोणत्या नावाने हाक मारली की डोळे उघडतो, हे सिस्टरना आपणहून सांगावे.

पण खरी जबाबदारी रुग्णालयाची आहे. माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे असे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची रुग्ण हक्क सनद सांगते, आणि महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना हक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. भिंतीवरची सनद कामात उतरवायची तर एक छोटी सुरुवात पुरेशी आहे. आयसीयूत प्रत्येक औषधाची नोंद होते: काय दिले, किती वाजता, कोणी. कुटुंबाशी झालेल्या बोलण्याचीही तशीच नोंद व्हावी: कोण बसले होते, काय सांगितले, घरच्यांनी काय विचारले, पुढची भेट कधी. नोंद ठेवायची म्हटली की वेळ काढावा लागतो, माणूस नेमावा लागतो, पुढच्या पाळीला कालचे बोलणे वाचायला मिळते. आयसीयूत नवे यंत्र घेताना आपण कोट्यवधी रुपयांचा हिशेब करतो. इथे फक्त एक खोली, काही खुर्च्या आणि दररोजची ३० मिनिटे लागणार आहेत. ती देणे कोणत्याही रुग्णालयाच्या आवाक्यात आहे, आणि न देण्याची किंमत कुटुंबे वर्षानुवर्षे मोजत राहतात.